देवमाशाचं गाळणं

माझा नवरा जेवायला बसला की शेजारणींना बघायला बोलवावं असं मला वाटायचं. मी घाटावरची. आमच्याकडे पुरुष जेवतात ते गप्पा मारत, भांडत, मधेच उठून फोन घेत. हा वसईच्या वाडीतला गडी. केळी, अळू, मोगरा पिकवणाऱ्या घरातला. एकदा पानावर बसला की मान वर नाही. तांदळाच्या भाकऱ्या, कांद्यावर परतलेला सुका जवळा, आणि शेवटी वाडीतली वेलची केळी. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ असं तो म्हणायचा, पण त्याचा विठोबा कधी आलेला मला तरी दिसला नाही. पोटोबातच रात्रीचे दहा वाजायचे.

मी म्हणायचे, अरे, माणसाशी लग्न केलंय की कुणाशी? तो म्हणायचा, देवमाशाशी.

हे देवमाशाचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. अंधेरीच्या एका ऑफिसात हिशेब तपासणारा माणूस. घरी आला की विरार पूर्वेला फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा आणि जेवता जेवता देवमाशांचे व्हिडिओ लावायचा. त्यांच्या बाकी कशातही त्याला रस नव्हता. ते खातात कसे, एवढंच. मला आधी वैताग यायचा. मग कान उघडेच असल्यामुळे हळूहळू सगळं आत जात राहिलं.

निळा देवमासा म्हणे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा जीव, आणि खातो काय, तर आपल्या जवळ्याचा थंड पाण्यातला भाऊबंद. बोटाच्या पेराएवढी कोळंबी. तोंडात दात नाहीत, वरच्या जबड्याला झालर लोंबते, आपली नखं ज्याची असतात त्याचीच बनलेली. भला मोठा जबडा उघडून समुद्राचा घोट घ्यायचा, गळ्याखालची चुणीदार कातडी फुग्यासारखी फुगते, मग जिभेने रेटून सगळं पाणी झालरीतून बाहेर काढायचं. आत राहतो तो जवळा. गिळायचा. ‘गाळणं घेऊनच जन्माला आलाय बघ,’ असं तो म्हणायचा आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचा.

कुबडा देवमासा त्याचा लाडका. ते चार-पाच जण मिळून माशांच्या थव्याखाली जातात, गोल फिरत तोंडाने, नाकाने बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांची भिंत उभी राहते, मासे घाबरून मधे गोळा होतात, की हे सगळे खालून तोंडं वासून वर. करडा देवमासा कुशीवर आडवा होऊन तळाचा चिखल तोंडात भरतो आणि चिखल गाळून त्यातले किडे खातो. एक जात नुसतं तोंड उघडं ठेवून पोहत राहते, जाईल ते जाईल आत. ही जात म्हणजे आमच्या आई, असं तो स्वतःच्या आईसमोर म्हणायचा. सासूबाईंचं तोंड खरंच कधी मिटलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या राजोडीजवळच्या वाडीत राहायच्या, आणि दर रविवारी पिशवीभर अळू, केळफूल आणि आठवडाभराच्या कुरबुरी घेऊन आमच्याकडे यायच्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

मी कोण, तर मोठ्या डोक्याचा दातवाला. हा गाळत बसत नाही. खोल अंधारात बुडी मारतो, तासभर दिसतच नाही, खाली मोठमोठी माकुलं, ते दहा हातांचे लिबलिबीत जीव, धरून खातो आणि मग एकदम फुसकारा सोडत वर येतो. ‘रागावलीस की अशीच करतेस,’ तो म्हणायचा. मी लाटणं उगारायचे. असं आमचं चाललं होतं, छान चाललं होतं.

मग त्याच्या घशात घास अडकायला लागला.

आधी भाकरी. तो म्हणाला, तुझ्या भाकऱ्या जाड झाल्यात. मी तणतणले, पण पातळ थापल्या. मग भात अडकू लागला. मग एके दिवशी वेलची केळं, जे लहान पोराच्याही घशातून सरकतं, ते त्याने तसंच तोंडातून परत काढून ताटात ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

अन्ननलिकेचा कॅन्सर. मुंबईतल्या इस्पितळात डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. आधी रेडिएशन, बरोबर औषधं. गाठ आकसली की पुढचं बघू. तोवर नाकातून पोटात जाणारी बारीक नळी, आणि जे काही पोटात जाईल ते त्या नळीतून. तोंडाने काही नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी मला बजावलं की सगळं दोनदा गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबेल, नळी तुंबली की बदलावी लागेल, आणि आत जागा इतकी अरुंद आहे की दुसरी नळी जाईलच असं नाही.

तेव्हापासून माझ्या हातात गाळणं आलं. नाचणीची पेज, मुगाचं पाणी, गाजर-दुधीचं सूप, दूध. शिजवायचं, मिक्सरमध्ये फिरवायचं, चहाच्या गाळण्यातून गाळायचं, मग सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून परत गाळायचं. कोमट करून सिरिंजमध्ये भरायचं, हळूहळू सोडायचं, मागून साधं पाणी. एक संपलं की दुसऱ्याची तयारी. हाताला त्या ओल्या धोतराचा वास बसला होता, साबणाने जायचा नाही.

सासूबाई वाडी दिराच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आल्या. आल्या आल्या आमचं वाजलं. मी गाळून झाल्यावर धोतरावर उरलेला चोथा केराच्या डब्यात टाकत होते. त्यांनी माझा हात धरला. सगळं सत्त्व यातच आहे आणि हेच तू फेकतेस, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, डॉक्टरांना जाऊन सांगा. त्यांनी चोथा वाटीत काढला, वर मीठ टाकलं आणि ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाकला. त्या दिवसापासून रोज तेच. पोराचं अन्न गाळून जे उरायचं ते आई खायची, आणि वेगळं काही जेवायच्या नाहीत म्हटलं तरी चालेल. मला चीड यायची. एक माणूस उपाशी आहे ते पुरे नाही का? पण त्यांच्या डोक्यात काहीतरी धरलेलं होतं. पोटचा पोर, त्याचं अन्न परक्या डब्यात जायला नको, एवढंच असेल. मी विचारलं नाही.

तो पलंगावर उशांना टेकून हे सगळं बघायचा. नाकाला पट्टीने चिकटवलेली नळी, गालावरून कानामागे गेलेली. आवाज बसला होता, पण जीभ शाबूत होती. एकदा मी गाळत असताना तो हसला आणि म्हणाला, ‘आपलं उलटं आहे बघ. देवमासा पाणी टाकतो आणि अन्न ठेवतो. आपण अन्न टाकतो आणि पाणी ठेवतो.’

सासूबाईंनी ते ऐकलं. तोंडातला चोथा तसाच ठेवून त्या ऐकत राहिल्या.

मी मात्र त्यातूनही आशा काढली. माणूस बुडायला लागला की काडीलाही धरतो म्हणतात. मी त्याला म्हटलं, एवढं मोठं धूड नुसत्या बारीक बारीकवर वाढतं ना? मग तूही वाढशील. आणि तो म्हणायचा, मी आत्ता कुबडा आहे. कुबडे देवमासे वीण करायला गरम पाण्यात जातात तेव्हा महिनोन्‌महिने काही खात नाहीत, अंगातल्या चरबीवर काढतात. मग थंड पाण्यात परत जातात आणि तोंड उघडतात. ‘हा माझा उपाशी हंगाम. नळी निघाली की पहिला घास जवळा-भाकरीचा.’ एक दिवस त्याने हेही सांगितलं की आपल्या अरबी समुद्रातले कुबडे कुठेच जात नाहीत, इथेच राहतात, इथेच खातात. ते सांगताना त्याला कोण अभिमान, जसा काही त्यानेच त्यांना वसईत ठेवून घेतलं होतं.

घरात सगळा जीव त्या पहिल्या घासावर टांगलेला होता. मी फडताळातली जवळ्याची बरणी त्याच्या नजरेआड ठेवली होती. सासूबाई येता-जाता तिला हात लावून नमस्कार करायच्या.

रेडिएशन संपत आलं होतं त्या सुमारास दिराचा फोन आला की राजोडीच्या किनाऱ्याला देवमासा लागलाय. मेलेला. याने अंथरुणात उठून बसत मला सांगितलं, रिक्षा बोलाव. मी म्हटलं, वेड लागलंय का, अंगात उभं राहायचं बळ नाही. पण त्याचे डोळे बघितले आणि रिक्षा बोलावली. मधे तो, एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई, त्यांच्या मांडीवर पिशवी. विरार पूर्वेकडून पुलावरून पश्चिमेला आणि तिथून वाड्यांमधून राजोडीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी त्याची नळी हाताने धरत होते.

सुरूच्या बनापर्यंतच वास आला. किनाऱ्यावर ही गर्दी, पोरं मोबाईल घेऊन, पोलीस दोरी लावून लोकांना हटवताहेत. देवमासा कुशीवर पडला होता. काळपट, फुगलेला, कातडी सोलवटलेली. व्हिडिओत बघितलेलं आणि हे, काही नातं नाही. मला रडू आलं. कोणीतरी त्याच्या तोंडाजवळ झेंडूचा हार टाकला होता, उदबत्त्या खोचल्या होत्या. देवच तो, नावातच देव. याने मला गळ्याखालच्या चुण्या दाखवल्या, अर्धवट उघड्या जबड्यातली झालर दाखवली. हा बहुतेक आपल्याकडचाच, म्हणाला, तारल्या-मांदेल्यांसारख्या बारक्या माशांचे थवे गिळणारा. माझ्या खांद्यावर भार टाकून तो उभा होता, आणि किती दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता.

तेवढ्यात सासूबाई दोरीखालून वाकून पार पुढे गेलेल्या. पोलीस ओरडतोय, यांना काय त्याचं. पिशवीतून हळद-कुंकू काढलं, नारळ काढला, आणि शेंडीसकट अख्खा नारळ त्या जबड्याशी ठेवून दोन्ही हात जोडले. नवस मोठ्याने बोलतात त्यांच्यात, सगळ्यांना ऐकू गेला. माझ्या पोराच्या घशाखाली एक घास उतरव, दरवर्षी तुला नारळ देईन.

तो हसायला लागला. नळी हलली, खोकला आला, तरी हसतोच आहे. परतताना रिक्षात त्याने आईला समजावलं की एवढ्या मोठ्या धुडाचा घसा आपल्या मुठीएवढा असतो, ताणून ताणून किती ताणेल. नारळ त्याच्या घशाखाली जन्मात उतरला नसता. ज्याला स्वतःला नारळ गिळता येत नाही त्याच्याकडे तू माझ्या घशाचं गाऱ्हाणं घातलंस.

सासूबाईंनी रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं की मग त्याला काय चालतं. तो म्हणाला, जवळा.

दुसऱ्या दिवशी त्या बरणीतला मूठभर जवळा पुडीत बांधून एकट्या राजोडीला गेल्या. तोवर जेसीबीने वाळूत खड्डा करून देवमासा पुरला होता. त्यांनी वाळूवर जवळा ठेवला आणि परत आल्या. मी त्यांच्यावर ओरडले, फार ओरडले. सडक्या जनावरापुढे अन्न ठेवायला सुचतं आणि इथे माझा माणूस काडी होत चाललाय. त्या पाय धुऊन आत गेल्या आणि धोतराचा तुकडा वाळत घातला.

त्याच संध्याकाळी त्याने मला जवळा परतायला सांगितला. ‘खाणार नाही, फक्त वास,’ म्हणाला. मी कांदा चिरला, तेलावर टाकला, जवळा टाकला. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. मग म्हणाला, जिभेवर ठेव, गिळणार नाही. मी चिमूटभर ठेवला. त्याने डोळे मिटले. किती तरी वेळ तो तसाच होता, जबडा हळूहळू हलवत. मग वाटी मागून घेतली आणि सगळं वाटीत काढलं. सासूबाई उठून गॅलरीत गेल्या. मी गॅस बंद करायची विसरले, कांदा करपला.

नळी निघाली नाही. रेडिएशननंतरच्या तपासणीत गाठ आकसलीच नव्हती, उलट यकृतात गेली होती. डॉक्टर फार चांगल्या शब्दांत बोलले, पण अर्थ एवढाच की आता घरी न्या. देवमाशांच्या गोष्टी त्याने बंद केल्या. मोबाईल उशाखाली पडून असायचा. मीच त्याला छेडायला लागले, मला सगळं माहीत असूनही. तो दातवाला खाली काय खातो? ‘माकुल.’ अंधारात त्याला दिसतं कसं? त्याने थांबत थांबत सांगितलं की दिसत नाही, तो आवाज सोडतो, आवाज माकुलावर आपटून परत येतो, त्यावरून त्याला कळतं कुठे काय आहे. मग म्हणाला, ‘तू बडबडत राहा. म्हणजे कळतं तू कुठे आहेस.’

आयुष्यभर या माणसाने मला गप्प बसायला सांगितलं होतं. मी बडबडत राहिले. भाजीवाला काय म्हणाला, खालच्या मजल्यावरचं पाणी कसं गळतंय, काय वाट्टेल ते. एका सकाळी पेज गाळता गाळता बोलत होते आणि माझ्या लक्षात आलं की मगासपासून हुंकार येत नाहीये.

जीव होता अजून. सासूबाईंनी तुळशीचं पान आणि चमचाभर पाणी आणलं. त्याच्या तोंडात पाणी घालायची किती महिन्यांत कोणाला परवानगी नव्हती. त्यांनी चमचा ओठांत धरला आणि पाणी सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून खाली आलं, उशीवर. त्यांनी पदराने पुसलं आणि परत एक चमचा घातला. तेही बाहेर आलं. त्या घालतच राहिल्या, मी शेवटी चमचा काढून घेतला.

ओट्यावर पेज गाळून तयार होती.

वर्ष झालं. भटजींचं सगळं पार पडल्यावर दुसऱ्या दिवशी घरच्या घरी, त्याच्या आवडीचं पान वाढायचं, असा त्यांच्या वाडीचा रिवाज. त्या दिवशी श्राद्धाचं सोवळं नसतं, माणसाला जे आवडायचं ते. सासूबाई वाडीतून केळीचं पान घेऊन आल्या होत्या. भाकऱ्या त्यांनी थापल्या, जवळा त्यांनी परतला. मी मुगाची आमटी केली. वर्षभरात मला एकदाही धड रडता आलं नव्हतं. लोक म्हणायचे, खंबीर आहे. कसली खंबीर, दगड झाले होते.

सासूबाई आत त्याचं पान पुसून वाढायला बसल्या आणि त्यांनी आमटी मागितली. मी मागे वळले नाही. पातेलं हातात, समोर वाटी, आणि मी आमटी ओतत होते. त्या उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी खाली बघितलं. वाटीवर गाळणं होतं. वाटीत पिवळं पाणी, गाळण्यात शिजलेले मूग. धोतराचा तुकडासुद्धा मी खांद्यावर घेतलेला होता. तो कधी घेतला, कुठून काढला, मला सांगता येणार नाही.

मला वाटलं आता या बोलतील, लागेल असं काहीतरी बोलतील, बोलायचा त्यांना हक्कच होता. त्यांनी माझ्या हातातून गाळणं घेतलं. आत जाऊन पानावर, भाताच्या बाजूला, ते उपडं केलं. एक मूग चिकटून राहिला होता, तो बोटाने काढून पानावर ठेवला. वर जवळा वाढला, चांगला मूठभर. मग मला म्हणाल्या:

‘पाणी टाक, बाय. आज अन्न त्याचं.’

मी वाटी मोरीत ओतली, आणि तिथेच खाली बसून त्याच्या नावाने मोठमोठ्याने रडले.